प्रोग्रॅम पूर्णगडला पोचवताना



मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते, त्या पूर्णगडसारख्या बंदरात मच्छीमार सोसायटीचा हिशेब साधा नसतो. सभासद, होड्या, डिझेलचा कोटा, त्यावरच्या कराचा परतावा, शिवाय उधारी. हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम पुण्या-मुंबईत बसून लिहिता येतो. तो सोसायटीच्या टेबलावरच्या संगणकात चालता करणं हे मात्र निराळंच काम आहे, आणि माझ्या मते धंदा तरतो की बुडतो ते इथेच ठरतं.

पूर्वी डीबेस या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम द्यायचा तर गिऱ्हाइकाकडे डीबेसही लागे. ऐंशीच्या दशकात क्लिपर आलं आणि सगळ्याची मिळून एक एक्सई, म्हणजे थेट चालणारी, फाइल होऊ लागली. फ्लॉपीत घालून दिली की झालं. मग फॉक्सप्रो. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ साली घेतलं, शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि २०१५ च्या जानेवारीत त्याची देखभालही थांबवली. त्यातले प्रोग्रॅम अजून चालतात, पण एक्सईसोबत रनटाइमच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या, फाइली द्याव्या लागतात. लिहिणाऱ्याच्या संगणकात त्या आधीपासूनच असतात, त्यामुळे एखादी राहून गेली तरी त्याच्याकडे सगळं सुरळीत चालतं. अडतं ते सोसायटीच्या सेक्रेटरींचं.

मराठीची तर वेगळीच कथा. जुन्या फॉन्टांत 'सभासद' लिहिलं आणि तो फॉन्ट समोरच्या संगणकात नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडने तो त्रास गेला. तरी विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसायला आधी सेटिंग बदलावं लागे, आणि त्यासाठी विंडोजची मूळ सीडी मागितली जाई. ती सीडी कुठल्या कपाटात असते, हे मी सांगायला नको!

पण सगळ्यात जपायची ती नोंदींची फाइल. ती प्रोग्रॅमच्याच फोल्डरात, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवायची जुनी सवय. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज तिथे सहजासहजी लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रॅमने लिहिलेलं गुपचूप त्या त्या वापरणाऱ्याच्या खात्यात वळवते. मग सकाळी सेक्रेटरींनी केलेल्या नोंदी दुपारी कारकून आपल्या नावाने आत शिरला की दिसत नाहीत. नोंदी कुठेही गेलेल्या नसतात, पण हे सभासदांना कोण पटवणार? म्हणून प्रोग्रॅम एका जागी आणि नोंदी दुसऱ्या, सर्वांना उघड्या असलेल्या जागी ठेवाव्यात.

हापूसची पेटी वाशीच्या बाजाराला एकदाच पाठवावी लागते. प्रोग्रॅम मात्र वर्षभराने पुन्हा पाठवावा लागतो. करांचे दर बदलतात, परताव्याच्या अर्जाचा नमुना बदलतो. अशा वेळी नव्या आवृत्तीच्या सेटअपने आपली कोरी फाइल गिऱ्हाइकाच्या भरलेल्या फाइलवर चढवली तर घात झालाच. सेटअपने आधी जुन्या फाइलची नक्कल काढावी, मग भरलेल्या मूळ फाइलमध्येच नवा रकाना घालावा. आणि हा सगळा प्रयोग अगोदर फक्त विंडोज घातलेल्या, बाकी कोऱ्या संगणकावर करून पाहावा. स्वतःच्या संगणकावर केलेली चाचणी मी चाचणी मानत नाही.

वेळही पाहावी. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, तेव्हा सोसायटीत गर्दी कमी असते. नवी आवृत्ती त्या दिवसांत बसवावी. मात्र पावसात वीज कधीही जाते, तेव्हा इन्व्हर्टर चालू असल्याची खात्री करूनच.