वरोऱ्याचा कोळसा-मार्ग



आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात कुठेही विहीर खणा, काळा पाषाण लागतो. याच पाषाणात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली. पण त्याच्या पोटात दगडी कोळसा नाही. तो सापडतो हा पाषाण संपतो तिथं, पार पूर्वेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात.

1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. इंजिनांसाठी विलायतेहून बोटीनं आलेला कोळसा वापरणं फार महागात जाई. म्हणून 1871 पासून सरकारनं वरोऱ्याला स्वतःची खाण चालवली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे 45 मैलांचा फाटा टाकला. नाव सरळ : वर्धा कोल स्टेट रेल्वे. वाटेतल्या हिंगणघाटच्या कापसालाही त्यामुळे गाडी मिळाली.

हा फाटा मुख्य मार्गाइतकाच रुंद ठेवला, हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. या खोऱ्यातला कोळसा जपावा लागतो. त्याचा उंच ढीग बरेच दिवस पडून राहिला तर आतून तापतो, धुमसतो, आपोआप पेटही घेतो. शिवाय प्रत्येक चढ-उतारीत त्याचा चुरा होतो. रुळांची रुंदी एकच असल्यामुळे खाणीवर भरलेली वाघीण वर्ध्याहून तशीच पुढे जाई. आपल्याकडे 1900 साली निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे मार्ग झाला तो मीटरगेज. त्यामुळे मनमाडला प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावं लागे. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज येईपर्यंत मराठवाड्यानं ही हमाली सोसली. आपला व्यापार, आपले कारखाने मागे राहिले त्यात या अरुंद रुळांचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

1906 मध्ये वरोऱ्याची सरकारी खाण बंद झाली. रूळ मात्र उखडले नाहीत. बल्लारपूरला नवी खाण निघाली, तशी गाडीही चंद्रपूरवरून तिकडे गेली. पुढे 1920 च्या दशकाअखेर निजामाच्या रेल्वेनं काझीपेठहून बल्लारपूरपर्यंत रूळ आणून जोडले, आणि कोळशासाठी टाकलेला तो फाटा दिल्ली-मद्रास मार्गाचा भाग झाला. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस आज वरोऱ्यावरूनच धावते. शेजारच्या माजरीच्या खाणींतून कोळशाच्या मालगाड्या याच मार्गाला लागतात. आपल्या परळीच्या वीजकेंद्राची भट्टीही अशाच बाहेरून, रेल्वेनं आलेल्या कोळशावर पेटते.