निरोगी माणसाने साखर सतत मोजावी का?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, सरकारी नोकर. पण हल्ली ऑफिसात चहाच्या वेळीही साखरेचेच आकडे निघतात. मधुमेह नसलेले तरुणही विचारतात, ‘दंडावर तो सेन्सर लावून घेऊ का?’ आज त्यावरच बोलतो.

भीती वाटणे साहजिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात सर्वांत जास्त, २६.४ टक्के आढळले. म्हणजे चार प्रौढांमागे एक!

हा सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो मोठा आधार; रात्री साखर उतरली तर इशारा देतो. पण निरोगी माणसाचे काय? अमेरिकेत मधुमेह नसलेल्या १५३ जणांना तो लावून पाहिला. दिवसातला सुमारे ९६ टक्के वेळ त्यांची साखर ७० ते १४० च्या मध्येच राहिली. अधूनमधून ती वर गेली, तीही निरोगी माणसांचीच.

चवथीला पातोळ्या-नेवऱ्या खाल्ल्यावर साखर चढणारच, आणि निरोगी शरीर ती उतरवतेही. आलेख पाहून कुणी भात कमी करतो, हे खरे. पण सतत मोजल्याने निरोगी माणसाचा मधुमेह टळतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट झोपेत दंडावर भार पडला तरी आकडा खोटाच खाली येतो, आणि घरात धावपळ! शिवाय काही हजार रुपयांचा सेन्सर साधारण दोन आठवड्यांत टाकून द्यायचा.

आपली खरी उणीव सेन्सरची नाही, साध्या तपासणीची आहे. साखर वाढूनही वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्यांनी उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. १०० च्या आत असेल तर ठीक; १०० ते १२५ म्हणजे सावध व्हा; १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासा. आई-वडिलांना मधुमेह असेल, तर दरवर्षी तपासा.

माटोळी बांधायला घरची सगळी जमतात ना? तशीच चवथ आटोपल्यावर एके सकाळी सगळ्यांनी मिळून आरोग्य केंद्रात जाऊया. आणि सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जवळच्यांनी तरी गाडी न काढता पायी जाऊया.

गणपती बाप्पा मोरया!