एका माणसापुरता आवाज

मी हे बोलतो आहे तो माइक कंडेन्सर जातीचा आहे, असं आत्ताच इथल्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं. त्याच्या जाळीमागे एक पातळ पडदा आहे, पडद्यामागे धातूची तबकडी आणि दोघांच्या मध्ये विजेचा भार. माझ्या शब्दांची हवा पडद्यावर आदळते, पडदा हलतो, दोघांतलं अंतर कमीजास्त होतं आणि तेवढा फरक तारेतून पुढं जातो. अमेरिकेत ई. सी. वेन्टे नावाच्या गृहस्थांनी १९१६-१७च्या सुमारास हा माइक तयार केला. तेव्हापासून जगभरचे गवय्ये, पुढारी आणि आमच्यासारखे कवी अशा पडद्यांसमोर घसा खाकरत आले आहेत.

आता हाच खेळ उलटा करून बघा. पडद्यालाच वीज देऊन हलवलं तर? पडदा हवा हलवील आणि आवाज होईल. असा पडदा कानाशी आणून ठेवला की झाला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे. मी बी.ए. आहे, तेही वाङ्मय घेऊन. त्यामुळे विजेचा भाग माझ्या समजुतीप्रमाणे सांगेन.

आपल्या नेहमीच्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो आणि तारेचं बारीक वेटोळं असतं. वेटोळं हलतं आणि त्याला चिकटवलेला पडदा त्याच्यामागून फरपटत जातो, बैलामागून गाडी जावी तसा. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये बैलच नाही. दोन जाळीदार धातूच्या पट्ट्या समोरासमोर, त्यांच्यात प्लास्टिकचा एक ताणलेला पापुद्रा. या पापुद्र्याची जाडी किती? दीड-दोन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या पस्तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याइतका. पट्टी आणि पापुद्रा यांच्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर. पापुद्र्यावर ५८० व्होल्टचा भार कायम ठेवलेला असतो, आणि गाणं दोन्ही पट्ट्यांना उलटसुलट दिलं जातं. एक पट्टी ओढते तेव्हा दुसरी ढकलते. सगळ्या पापुद्र्यावर एकदम, कडेपासून मधोमधपर्यंत, सारखाच जोर पडतो.

जपानच्या स्टॅक्स कंपनीनं १९६०च्या सुमारास असा पहिला संच विकायला काढला. ते त्याला हेडफोन म्हणत नाहीत, ‘इअरस्पीकर’ म्हणतात. त्यांचा आग्रह मला आवडतो. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी त्याआधी, १९५७ साली, याच तत्त्वावरचा उभा स्पीकर बाजारात आणला होता, क्वाड नावाचा. जर्मनीच्या सेनहायझरनं १९९१ साली ऑर्फियस नावाचा हेडफोन व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरसकट काढला, तोही मोजून तीनशेच्या आसपास. आपल्याकडेही हे अगदी परकं नाही. पुण्याच्या कॅडेन्स कंपनीनं इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यांचे स्पीकर आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवून परदेशात विकले. हे मी पुणेकरांना सांगितलं की त्यांना ते आधीपासून माहीत असतं, निदान तसा चेहरा तरी ते करतात.

आपल्याकडे ॲम्प्लिफायर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. गणपती असो, उरूस असो, जयंती असो की वरात, भिंत तीच आणि भाडेकरी तोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आमच्या घाटकोपरला विमानं इमारतीच्या टाकीवरून उतरतात, त्यांना कोणी नियम वाचून दाखवत नाही. अशा शहरात एक माणूस सहाशे व्होल्टचं यंत्र घरी बनवतो आणि त्यातून निघालेला आवाज शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही धड कळत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा माणूस मुलुंड पूर्वेला राहतो. माझे जुने मित्र. सीप्झमधल्या एका कारखान्यात टेक्निशियन होते. नाव सांताक्रूझचं आणि जागा अंधेरीची, अशी ही सीप्झ. तिथं मुलुंडहून रोज बसनं जाण्यात त्यांची तीस वर्षं गेली. घर म्हणजे वन रूम किचन. त्यात ते, वहिनी, मुलगा, सून आणि नात. गाण्याचं वेड जबरदस्त, आणि ऐकायला वेळ मिळायचा तो रात्री सगळे झोपल्यावर. मुंबईत माणसाला स्वतःची खोली मिळत नाही. मग कानांना तरी मिळावी म्हणून ते हेडफोनकडे वळले. पुढे जपानला नोकरी करून आलेल्या भाच्यानं आपला वापरलेला स्टॅक्स त्यांना दिला. आता पंचाईत अशी की हा हेडफोन कुठल्याही टेपला, फोनला लावता येत नाही. त्याची पिनच पाच दांड्यांची. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, आणि तो विकत घ्यायचा तर किंमत स्कूटरच्या पुढं जाते.

म्हणून त्यांनी तो घरीच बनवला. लॅमिंग्टन रोडला म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला चकरा सुरू झाल्या. साध्या हेडफोनला एखाददुसरा व्होल्ट पुरतो. याला शेकड्यांनी लागतात. करंट मात्र नावाला, काही मिलिअँपिअर. त्यामुळे नेहमीच्या ॲम्प्लिफायरचा नकाशा इथं चालत नाही. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, साकीनाक्याच्या एका गाळ्यातून पत्र्याची पेटी वाकवून आणली, व्हॉल्व्ह चोर बाजारातून एकेक करून जमवले. त्यांत दोन आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे निघाले, काचेवरची अक्षरं पुसत आलेली. ते त्यांनी यंत्रात घातले नाहीत, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेत.

वहिनींचं म्हणणं एकच होतं : घरात लहान मूल आहे. आणि ते खरंच होतं. पापुद्र्याचा ५८० व्होल्टचा भार तसा निरुपद्रवी, कारण तो पन्नास लाख ओहमच्या आसपासच्या रेझिस्टरमधून जातो. मध्येच कोणी शिवलं तर जेमतेम चिमटा बसेल. खरा धोका पेटीच्या पोटात. तिथले मोठे कंडेन्सर तीनशे-साडेतीनशे व्होल्ट भरून बसलेले असतात आणि बटण बंद केल्यावरही भरलेलेच राहतात. जीव घ्यायला तेवढे पुरे. मित्रांनी प्रत्येक कंडेन्सरवर निचऱ्याचा रेझिस्टर लावला आणि वर टेस्टरमध्ये असतो तसा नारिंगी निऑनचा दिवा. आत साठ-सत्तर व्होल्टपेक्षा जास्त असेल तोवर तो विझत नाही. घरातला नियम असा की दिवा विझल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि विझल्यावरही मीटर लावूनच बघायचं, एक हात पाठीमागे ठेवून. एक हात का? दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून दुसऱ्यात जाताना छातीतून जाते.

मी ऐकायला गेलो तो दिवस नोव्हेंबरचा होता. त्यांनी आधी मला तानपुराच ऐकवला, नुसता तानपुरा, पाच मिनिटं. माझी थोडी निराशा झाली. पण दुसऱ्या मिनिटाला मी सावरून बसलो. जवारी म्हणजे काय, हे मी शंभर वेळा वाचलेलं. घोडीवर तार आणि लाकूड यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात, आणि दोरा योग्य जागी बसला की तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागते. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी हे काम दीडशेहून अधिक वर्षं केलं. तलवारींना धार लावणारे हात भोपळ्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मराठी बोलणारे मुसलमान कारागीर, म्हणून मला त्यांचा अभिमान जरा जास्त, हे कबूल करतो. तर त्या दिवशी मला तो दोरा ऐकू आला. तार सुटल्यावर आधी बोटाची कातडी, मग तार, मग दोऱ्यावरून उठणारी ती झांज, एकामागून एक, वेगवेगळं. नंतर त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावली. खाँसाहेब १९३७ साली गेले. एवढ्या नाजूक यंत्रानं त्या तबकडीची खरखरही तितक्याच प्रामाणिकपणे ऐकवली. या हेडफोनचा हा दोष म्हणा की गुण, तो कुणाचीच भीड ठेवत नाही.

चार महिने मित्र खूश होते. मग एका रविवारी नातीनं हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढला. म्हणाली, “आजोबा, यात शिट्टी वाजतेय.” आजोबांना काही ऐकू येईना. त्यांच्या मुलाला अंधूकशी आली. मला बोलावलं, मलाही नाही. वय वाढतं तसे कान वरच्या पट्टीकडून बंद होत येतात. आठवत असेल, जुना टीव्ही दुसऱ्या खोलीत नुसता चालू असला तरी मुलांना त्याची बारीक किणकिण ऐकू यायची. सेकंदाला १५,६२५ कंपनं असायची ती. मोठ्यांना तिचा पत्ताही नसायचा.

शिट्टी होती. पापुद्र्याच्या भारासाठी त्यांनी एक तयार स्वस्त मॉड्यूल बसवलं होतं, त्याचीच सळसळ गाण्यात झिरपत होती. भंगारातून आणलेल्या ऑसिलोस्कोपवर ती स्वच्छ दिसली. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आठवडाभर पेटी उघडली नाही. मला फोनवर म्हणाले, “कविराज, जे मला ऐकूच येत नाही, ते मी बनवतोय कशाला?” मी काय सांगणार? त्यांच्यापेक्षा माझी अवस्था बरी आहे असंही नाही. पन्नाशी उलटल्यावर मुशायऱ्यात मागच्या रांगेतली दाद मला नीट पोचत नाही. एवढंच म्हणालो, की तानपुऱ्याचा दोरा तर तुम्हालाही ऐकू आला होता ना.

वहिनींनी मात्र सरळ सांगितलं, “तिला येतंय ना ऐकू? मग तिला बसवा तपासायला.” ज्या यंत्रापासून पोरीला लांब ठेवायचं म्हणून घरात इतके वाद झाले, त्याच यंत्राची ती तपासनीस झाली. मॉड्यूल काढून टाकलं. त्याजागी ट्रान्सफॉर्मरवरूनच डायोड आणि कंडेन्सरची शिडी चढवली. प्रत्येक पायरीला व्होल्ट वाढत जातात आणि माथ्यावर ५८० मिळतात. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून ऐकलं आणि डाव्या कानात अजून काहीतरी आहे म्हणाली. होतं. एक जमिनीची तार चुकीच्या ठिकाणी जोडलेली. ती हलवल्यावर तिनं मान डोलावली. आजोबांनी तिचं नाव आणि तारीख पेटीच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवली, कारखान्यात तपासणीचा शिक्का मारायचे तशी.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. मुंबईची दमट हवा पापुद्र्याला सोसत नाही, भार गळतो आणि कानात चरचर सुरू होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह बिस्किटांच्या जुन्या डब्यात जातो, तो थेट दसऱ्याला बाहेर येतो. नातीला आता पंधरावं वर्ष लागलंय. ती स्वतः सोल्डरिंग करते आणि आजोबांपेक्षा साफ करते. आपल्यासाठी दुसरी पेटी बनवायची म्हणते. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला हात घालायची परवानगी मात्र अजून तिला मिळालेली नाही.