उत्तर आणि ताळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गणिताचे उत्तर बरोबर आले तरी त्याखाली ताळा मांडल्याखेरीज पूर्ण गुण देत नसत. मराठीचा एक निवृत्त अध्यापक आज सागरी मत्स्यशेतीविषयी बोलण्यास उभा आहे, तो त्या ताळ्याच्याच आठवणीने.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, भूमीत खोल शिरलेल्या खाड्यांत जाळ्यांचे पिंजरे टाकून सॅमन मासा वाढविला जातो. न खाल्लेले खाद्य आणि माशांची विष्ठा तळाशी जाऊन बसते. ती बेताची असेल तर तळातील जीव ती पचवून टाकतात. अतिरेक झाला की प्राणवायू संपतो, गाळ काळा पडतो आणि त्यास कुजक्या अंड्यांची दुर्गंधी येते. पिअरसन व रोझेनबर्ग यांनी 1978 साली या ऱ्हासाच्या पायऱ्या मांडल्या. प्रथम प्राण्यांच्या जाती घटतात, मग कॅपिटेलासारखे मोजके चिवट कृमी बेसुमार माजतात आणि अखेर तेही उरत नाहीत.

हे घडण्यापूर्वीच त्याचा अंदाज बांधता येईल काय? ओबानजवळच्या डन्स्टाफनेज प्रयोगशाळेतील क्रोमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेले ‘डेपोमॉड’ हे संगणकीय प्रतिमान म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर होय. त्याचे मर्म शाळेतील त्रैराशिकाहून फारसे अवघड नाही. सॅमनच्या खाद्याची गोळी सेकंदाला सुमारे 10 सेंटिमीटर वेगाने बुडते, विष्ठा सुमारे 3 सेंटिमीटर वेगाने. तळ 30 मीटर खोल असेल, तर गोळीस 5 मिनिटे लागतात आणि विष्ठेस जवळजवळ 17. प्रवाह सेकंदाला 5 सेंटिमीटर वाहत असेल, तर गोळी 15 मीटरांवर पडेल, विष्ठा 50 मीटरांवर. असे सहस्रावधी कण, बदलत्या भरती-ओहोटीनुसार, संगणक तळाच्या नकाशावर टाकीत जातो. कोठे किती थर बसेल, हे त्यावरून कळते आणि किती मासे ठेवू द्यावेत, हे ठरविण्यास आधार मिळतो.

परंतु या उत्तरामागे काही गृहीते दडलेली असतात. खाद्य किती वाया जाते? शेकडा 3 धरण्याची प्रथा पडली. पण हात सैल सोडून खाद्य टाकणाऱ्याचा हिशेब निराळा. तळाशी बसलेला कण कोणत्या वेगाच्या प्रवाहाने पुन्हा उचलला जातो? हा आकडा जरा चुकला, तर वेगवान प्रवाहाच्या जागी सारी घाण नकाशाच्या चौकटीबाहेर वाहून गेलेली दिसते आणि कागदावरचा तळ स्वच्छ ठरतो. चौकटीबाहेर गेलेले समुद्राबाहेर गेलेले नसते! शिवाय पाण्यात विरघळणारा नत्र तळाशी बसतच नाही. त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

म्हणूनच ताळा हवा. तळाचा गाळ उपसून, त्यातील कृमी मोजून, प्रतिमानाने सांगितले ते खरे उतरले काय, हे पाहावे लागते. स्कॉटलंडच्या नियामक संस्थेने 2019 साली नवी नियमचौकट आणताना सुधारित प्रतिमानाबरोबर तळाच्या प्रत्यक्ष तपासणीवरही अधिक भर दिला, तो याचसाठी.

आपल्या देशात खुल्या समुद्रातील पिंजऱ्यांचा प्रयोग 2007 साली विशाखापट्टणम येथे झाला. मत्स्यशेतीस माझा विरोध नाही. वाढत्या लोकसंख्येस अन्न हवेच. मात्र असा नकाशा उद्या आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर कोणी आणला, तर रांपणकाराने त्यापुढे दबून जाऊ नये. प्रवाह कोणत्या महिन्यांत मोजला, पावसाळा धरला की नाही, खाद्य किती वाया जाईल असे मानले आणि ताळा कोण, केव्हा पाहणार, हे चार प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. उत्तर चुकले, तर त्याची किंमत गणित मांडणारा देत नाही. ती तळ देतो आणि त्या तळावर ज्याचे पोट आहे, तो देतो.

गुरुजींनी आम्हांस उत्तराबद्दल आदर शिकविला आणि संशयही. दोहोंची आज सारखीच गरज आहे.