चित्रकथांतले वैमानिक



वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील आमच्या धनज गावी, जिथे मान वर करून आकाश न्याहाळण्याचे प्रयोजन मृगाच्या ढगांपलीकडे सहसा नसे, तेथील मुलांना विमानांचे युद्ध प्रथम दाखवले ते चित्रकथांनी. आणि या वाचनाचे मोल आपल्या समीक्षकांनी अद्याप जाणलेले नाही, असे माझे प्रांजळ मत आहे.

बेनेट कोलमन संस्थेने मार्च 1964 मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि मराठी अंकांमधून त्यातला नायक वेताळ वऱ्हाडातल्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचला. कारंज्याहून कोणी आणलेला अंक पाने सुटी होईपर्यंत हातोहात फिरे. पुढे त्याच मालेत बझ सॉयर हा अमेरिकी नौदलाचा वैमानिक दाखल झाला. रॉय क्रेन या चित्रकाराने, महायुद्ध ऐन भरात असताना, नोव्हेंबर 1943 मध्ये वृत्तपत्रांतून त्याची कथा आरंभिली आणि रॉस्को स्वीनी या आपल्या गनर मित्रासह तो पॅसिफिक महासागरातील विमानवाहू जहाजावरून झुंजत राहिला. क्रेन विशेष प्रकारच्या कागदावर कुंचल्याने रसायने लावी. त्या कागदात दडलेल्या बारीक रेषा त्यायोगे प्रकट होऊन करड्या रंगाच्या दोन छटा उमटत. आणि वृत्तपत्राच्या हलक्या कागदावरही सागरावरील धूसर प्रकाश, जळत्या जहाजाचा धूर व ढगांआडून झेपावणारे विमान ही सारी दृश्ये अशी साकार होत, की वैमानिकाच्या पराक्रमाइतकेच त्याच्या भोवतीचे अफाट एकाकीपण वाचकाच्या मनाला भिडे. माझ्या मते क्रेनची खरी थोरवी याच गुणात आहे.

परंतु खंत अशी, की ज्या पिढीने हा परदेशी वीर आपला मानला, तिला आपल्याच मुलखाचे वैमानिक चित्रांत क्वचितच भेटले. 1944 साली इम्फाळच्या रणांगणात अर्जन सिंग यांनी आपल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. आणि काश्मीरच्या युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरलेले हृषीकेश मुळगावकर, जे 1976 ते 1978 या काळात वायुदलाचे प्रमुख होते, ते तर आपल्या महाराष्ट्राचे. त्याच काश्मीर युद्धात वैमानिक मेहर सिंग यांनी 24 मे 1948 रोजी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा विमान हिमशिखरांवरून नेले आणि अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या लेहमध्ये, सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने सिंधूकाठच्या वाळूवर नुकत्याच तयार करविलेल्या धावपट्टीवर उतरवले. हवेचा दाब राखण्याची सोय त्या विमानात मुळीच नव्हती. हिमाच्छादित खिंडी, विरळ हवा, वाळूत रुतू पाहणारी चाके आणि खाली उभे राहून वर टक लावून पाहणारे लडाखी ग्रामस्थ, एवढी सामग्री कोणत्याही चित्रकाराला शंभर पानांसाठी पुरेल.