राजधानीचे शहर आणि शहराचे उत्सव



 आजचा विषय वरवर पाहता हलका आहे. शहरातली प्रेक्षणीय स्थळे आणि शहराचे उत्सव हा विषय सहलीच्या पुस्तिकेत शोभावा, व्याख्यानमालेत त्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण आम्हांला असे वाटते की एखादे शहर स्वतःकडे कसे पाहते, हे ते पाहुण्याला काय दाखवते यावरून उत्तम कळते.

बाहेरगावचा पाहुणा नागपुरास येतो आणि विचारतो, “तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?” यावर आपले उत्तर ठरलेले असते. “तसे काही नाही, संत्री घेऊन जा. वेळ असेल तर रामटेक करून या.” म्हणजे तीनशे वर्षांच्या या शहरात पाहण्यासारखे जे आहे ते सुमारे पन्नास किलोमीटर दूर! ही विनयाची भाषा नव्हे, विस्मरणाची आहे. ते विस्मरण थोडे दूर करता आले तर पाहावे, एवढाच आजचा हेतू.

प्रथम इमारतींकडे वळू. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे नगर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने तट बांधला, तलाव बांधला. आज आपण ज्याला गांधीसागर म्हणतो तो हाच जुम्मा तलाव. पुढे रघूजी भोसले आले. महालात वाडे, देवळे, बागा, तलाव झाले. १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. तीत भोसल्यांचे राज्य खऱ्या अर्थाने गेले. १८५४ मध्ये ते नावानेही गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षे, हे शहर एका मोठ्या प्रदेशाची राजधानी होते.

त्या पंचाण्णव वर्षांच्या खुणा आपण रोज ओलांडतो. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आपल्या आजोबा-पणजोबांना ‘अजब बंगला’ म्हणून ठाऊक होते, आणि ते नाव सरकारी नावापेक्षा अधिक बोलके आहे. १९२५ मध्ये उघडलेले रेल्वे स्थानक, १९४० मध्ये उघडलेली उच्च न्यायालयाची घुमटाकार वास्तू, विधान भवन, कस्तुरचंद पार्क, ही सारी राजधानीची ठेव होय. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात असल्याने सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, आत जाता येते. त्या तीन दिवसांपैकी एक तरी दिवस आपल्यापैकी किती जणांनी साधला आहे?

आणि शून्य मैलाचा दगड? चार घोडे आणि वालुकाश्माचा स्तंभ. हा देशाचा नेमका मध्यबिंदू, असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. वस्तुस्थिती अशी की १९०७ चा हा दगड भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आहे. समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची, १०२०.१७१ फूट, त्यावर कोरलेली आहे. देशाचा मध्यबिंदू म्हणून आज मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातील करौंदीचेही नाव घेतले जाते. याने खट्टू होण्याचे कारण नाही. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे, क्विटो ही त्याची राजधानी. विषुववृत्तावरून देशालाच नाव मिळाले. क्विटोजवळ ‘जगाचा मध्य’ म्हणून भव्य स्मारक उभारले आहे. एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिण गोलार्धात ठेवून लोक तेथे छायाचित्रे काढतात. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी झाली, तेव्हा खरे विषुववृत्त तेथून सुमारे अडीचशे मीटर दूर निघाले. क्विटोकरांनी स्मारक हलवले नाही आणि गर्दीही ओसरली नाही. दगड कुठे आहे यापेक्षा तो कुणी, कशासाठी मोजून बसवला, ही हकीकत अधिक मोलाची आहे. आपणही ‘मध्यबिंदू’ हा एकच शब्द सांगून थांबू नये. डोंगर-दऱ्या तुडवत या देशाची मोजणी करणाऱ्यांची गोष्ट त्यासोबत सांगावी.

असो. इमारती राज्यकर्त्यांनी बांधल्या. आता लोकांनी जे उभारले त्याकडे येऊ.

श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा होतो. दुसऱ्या दिवशी येतो तान्हा पोळा, आणि तो आपला, वैदर्भीय. चाके लावलेले लाकडी नंदी सजवून मुले तोरणाखाली ओळीने उभी राहतात, घरोघर जातात, बोजारा मिळवतात. नागपूरकर भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. ज्या शहरातल्या मुलाने शेत पाहिलेले नाही, त्याच्या हातीही या दिवशी बैलाचे दावे येते. कृषिसंस्कृतीचा याहून सोपा पाठ कोणत्या शाळेत मिळेल?

त्याच दिवशी सकाळी इतवारी-महालाच्या रस्त्यांवर मारबत निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, बांबू, कागद आणि कापड यांच्या त्या प्रचंड पुतळ्या. १८८० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ही परंपरा सुरू झाली, असे मंडळे सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध काही जण पूतनेशी, तर काही जण इंग्रजांशी जुळवून घेणाऱ्या बाकाबाई भोसल्यांशी जोडतात. बाकाबाईंबद्दल इतिहासाचा निवाडा काहीही असो, परकी सत्तेपुढे मान तुकवणे लोकांना रुचले नाही, हे त्यांनी पुतळीच्या रूपाने नोंदवून ठेवले. लोकांचे इतिहासलेखन असे रस्त्यावर होत असते. दोन्ही मारबती भेटतात, रोगराई आणि इडापिडा घेऊन जा म्हणून गर्दी ओरडते आणि शेवटी त्यांचे दहन होते.

मारबतीबरोबर बडग्या असतो, आणि आमच्या मते या उत्सवाचा प्राण बडग्यात आहे. मारबतीचे रूप बहुधा ठरलेले, बडग्याचे दर वर्षी नवे. ज्या वर्षी महागाई टोचली त्या वर्षी महागाईचा बडग्या, ज्या वर्षी लाचखोरी गाजली त्या वर्षी लाचखोराचा. सत्तेवर कोण आहे हे बडग्या विचारीत नाही. वर्षभर गिळलेला राग एका सकाळी हसून ओकून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचे, ही लोकशाहीची शाळा लोकशाही येण्यापूर्वीच या गल्ल्यांत भरत होती.

हे काही जगावेगळे नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच क्विटो शहरात ३१ डिसेंबरच्या रात्री ‘जुने वर्ष’ जाळतात. जुने कपडे, भुसा आणि कागद यांचा पुतळा करतात. तो पुढाऱ्याचा असतो, सरत्या वर्षात गाजलेल्या कुणाचाही असतो. पुरुष काळी वस्त्रे नेसून त्या ‘जुन्या वर्षा’च्या विधवा बनतात, रस्त्यात रडतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून चिल्लर मागतात. पुतळ्याचे थट्टेखोर मृत्युपत्र वाचले जाते आणि बाराच्या ठोक्याला त्याला अग्नी मिळतो. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, आपले नावही न ऐकलेल्या लोकांना आपल्यासारखीच युक्ती सुचावी! इडापिडा सर्वत्र आहे. तिला हसून जाळण्याची हिंमत मात्र सगळीकडे नसते.

त्यानंतर येतो पितृपक्ष. सारा महाराष्ट्र या पंधरवड्यात मंगलकार्य टाळतो, पण आपल्याकडे याच दिवसांत भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो. खंडोजी उर्फ चिमणाबापू भोसले मोहिमेवरून परतले तेव्हा नेहमीचा गणपती विसर्जित झाला होता. म्हणून विजयाचा उत्सव पितृपक्षात केला, अशी कथा आहे. लावण्या, खडी गंमत, नकला अशी करमणूक त्या वेळी असे, म्हणून हा मस्कऱ्या गणपतीही झाला. शास्त्राने नको म्हटलेल्या दिवसांतही हसायला जागा काढणारे हे शहर आहे.

रामनवमीला १९२३ सालच्या पोद्दारेश्वर राममंदिरातून निघणारी शोभायात्रा, ताजबागेतला ताजुद्दीन बाबांचा उर्स, हीही याच शहराची रूपे. ताजुद्दीन बाबांना १९०८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवणारे राजे रघूजीराव भोसले हे हिंदू होते. १९२५ मध्ये बाबा गेले. आजही उर्साच्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारीत नाही.

आणि आता दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्म स्वीकारला. नागपूरच का, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले: बुद्धाचा धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, म्हणून. सांचीच्या धर्तीवरचा, एकशे वीस फूट उंचीचा स्तूप २००१ मध्ये पूर्ण झाला. पण तेथे पाहायचे ते स्तूपाहून अधिक माणसांना. रात्रीच्या गाडीने, खांद्यावर पिशवी घेऊन आलेली माणसे पुस्तकांच्या दुकानांवर जी झुंबड करतात, ती पाहावी. जत्रेत खेळणी विकली जातात हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या जत्रेतून माणसे ग्रंथ घेऊन घरी जातात अशी जत्रा दाखवा म्हटले तर जगात फार थोडी शहरे पुढे येतील.

येथे एका योगायोगाकडे आपले लक्ष वेधतो. १४ ऑक्टोबरनंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. मंत्री आणि कचेऱ्या भोपाळकडे, मुंबईकडे गेल्या. नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरू लागले आणि ‘उपराजधानी’ हा शब्द आला. ज्या महिन्यात सरकारने आपले सामान बांधले, त्याच महिन्यात या शहराला असे एक महत्त्व मिळाले जे कोणत्याही राजपत्राने दिले नव्हते आणि कोणतेही राजपत्र काढून घेऊ शकत नाही.

ब्राझीलमध्ये असेच घडले. १७६३ पासून रिओ द जानेरो ही राजधानी होती. २१ एप्रिल १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या दहा दिवस आधी, ती नव्याने बांधलेल्या ब्राझिलियास गेली. रिओचे काय उरले? कार्निव्हल उरला, कारण तो मंत्रालयाचा नव्हता, वस्त्यांतल्या नाचगाण्यांच्या मंडळांचा होता. पण एक गोष्ट झाली. १९८४ मध्ये त्या मिरवणुकीसाठी दुतर्फा बैठका असलेला खास मार्ग बांधला गेला आणि रस्त्यावरचा नाच त्या मार्गावर गेला. देखावा भव्य झाला खरा. परंतु नाचणारा आणि पाहणारा यांच्यामध्ये कठडा आला. म्हणूनच तेथल्या वस्त्यांतली माणसे आजही आपापल्या गल्लीत, बिनतिकिटाची मिरवणूक काढतात.

आमची खरी चिंता हीच आहे. पर्यटन वाढावे, पाहुणे यावेत, हे आम्हांलाही हवे आहे. पण उद्या मारबतीच्या मार्गावर गाद्या घातलेला मंच उभा राहिला, बडग्याच्या पाठीवर कुणा पुरस्कर्त्याचा फलक चढला, तर तो बडग्या कुणाची खोड मोडणार? पैसा देणाऱ्याची थट्टा करण्याची सोय ज्यात नाही तो बडग्या नव्हे. ते नुसते बाहुले.

दुसरी चिंता पाण्याची. ज्या नाग नदीने शहराला नाव दिले तिला आपण नाला केले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरले. नदीला आपण विसरलो, तरी पावसाने तिची वाट लक्षात ठेवली होती. गोंडांनी आणि भोसल्यांनी बांधलेले तलाव ही प्रेक्षणीय स्थळे तर आहेतच. पण त्याआधी ती या शहराची जलव्यवस्था आहे. काठावर रोषणाई करण्यापूर्वी तळातला गाळ काढला पाहिजे.

मग आपण काय करावे? मोठ्या योजना सरकारने आखाव्यात. आपल्या हातचे तीन संकल्प सुचवतो. येत्या वर्षी प्रत्येकाने एक तरी पाहुणा, नाही तर स्वतःचाच मुलगा किंवा मुलगी, महालापासून शुक्रवारी तलावापर्यंत पायी फिरवावी आणि वाटेतल्या दरवाजांची, वाड्यांची नावे सांगावी. मोहल्ल्यातल्या उत्सवाच्या मंडळाला वर्गणी देताना, तुमच्या आजोबांच्या वेळी हे कसे होत असे, ते एका वहीत लिहून ठेवा, अशी अट घालावी. आणि आपला नसलेला एक तरी उत्सव पाहण्यास जावे. महालातल्या माणसाने ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जावे, धरमपेठेतल्याने मारबतीच्या गर्दीत धक्के खावेत, सिव्हिल लाइन्सवाल्याने ताजबाग पाहावी. राजधानी दुसऱ्याच्या हुकुमाने मिळते आणि जाते. शहर मात्र शेजाऱ्याच्या अंगणात पाऊल टाकल्याशिवाय आपले होत नाही.