पेडर रोडचा चढ



मुंबई मॅरेथॉनमधील २१ किलोमीटरच्या शर्यतीविषयी बोला, असा आपला आग्रह. सांगण्याजोगे थोडेच आहे, शर्यत फसली. अडीच तासांची बढाई मारून मी निघाले होते. सागरी सेतूवर पहाटेचा वारा लागला अन् माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईने कॉलेजातल्या पोरींबरोबर धाव घेतली! ती चूक पेडर रोडच्या चढावर भोवली. पोटऱ्यांत गोळे आले, पाय उचलेना. एक आजोबा "चला बाई" म्हणत पुढे निघून गेले. त्यानंतर नुसते चालणे.

मरीन ड्राइव्हवर तुम्ही हार घेऊन उभ्या होतात. ३ तास होत आले होते. तोंड कसे दाखवू? मान खाली घालून गर्दीतून पलीकडच्या कडेने निसटले. तुम्ही मात्र दुपारपर्यंत उन्हात थांबलात, हे मला नंतर कळले.